हिरव्या रेक्झिनची फाईल

प्रवेश अर्जात एक रकाना होता: अभ्यासक्रम करण्याचा हेतू. मी 'समाजसेवा' असं लिहिलं. ते खोटं होतं. मला ताईच्या सासूवर सूड उगवायचा होता.

ताई डी.एड. झालेली. लग्नानंतर सासूने 'नीट ठेवते' म्हणून तिची सगळी मूळ कागदपत्रं मागून घेतली आणि कपाटात बंद केली. पुढे त्या घरात मारहाण सुरू झाली. ताई एका बॅगेनिशी आमच्याकडे परत आली, कागद खामगावला, सासरीच राहिले. मोताळ्याजवळच्या एका शाळेत तिला जागा मिळत होती. मूळ कागद दाखवायला शाळेने पुढच्या जूनपर्यंत मुदत दिली होती.

आई, ताई आणि मी कागद आणायला गेलो, तर सासू दारातच उभी.

“हिले नांदायचं नाही, तर कागद काऊन पाह्यजे? इथंच राह्यतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अन् हे इंग्लिश मीडियम काय पाहून राह्यली? तोंड आहे का इले?”

मी खरंच पाहत होते. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि परक्यांसमोर गप्प, अशीच मी वाढले. जी बोलत नाही तिच्यासमोर लोक सैल वागतात. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर मी त्या घरी चार दिवस राहिले होते, आणि मला बरंच काही ठाऊक होतं.

दुय्यम प्रती मिळतात, वेळ लागतो इतकंच. पण मला दुय्यम नकोच होत्या. मला त्याच हव्या होत्या, तिच्याच हातून.

विद्यापीठाचा पॅरालीगलचा, म्हणजे कायद्याच्या मदतनिसाचा, प्रमाणपत्र अभ्यासक्रम सहा महिन्यांचा होता. दर रविवारी खामगावला वर्ग. पुस्तकं मराठीत. 'गैरअर्जदार', म्हणजे जिच्याविरुद्ध अर्ज ती, हा शब्द मी एसटीत ओठांतल्या ओठांत घोकायचे आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा समोर आणायचे. प्रात्यक्षिकासाठी एका खऱ्या प्रकरणाचा अर्ज लिहायचा होता. मी ताईचा लिहिला, चार पानं. शिकवायला कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून होते. त्यांनी तीन पानांवर काट मारली.

“पोरी, अर्जात रडाचं नाही, शिव्या द्याच्या नाही. वस्तू लिही. कोणती, कशी, कुठी ठेवली.”

मग मी लिहिलं: मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, दुसरा खण, लाल शालूच्या खाली हिरव्या रेक्झिनची फाईल. किल्ली गैरअर्जदार बाईंच्या कमरेला. आत सहा कागद, त्यांची यादी. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाईंनी अर्ज दाखल केला आणि मे महिन्यात कागद परत देण्याचा कोर्टाचा आदेश झाला. घरगुती हिंसेच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकारी बाई, एक महिला पोलीस, ताई आणि मी, असे आम्ही भरदुपारी तिथे गेलो. शेजारच्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

“कोणती फाईल?” सासू म्हणाली. “मी अनपढ बाई. मले काय समजते कागदातलं?”

अधिकारी बाईंनी आदेशातलं वर्णन वाचायला घेतलं. शालूपर्यंत आल्या तेव्हा सासूचा हात आपोआप कमरेकडे गेला. कपाट उघडलं. फाईल तिथेच होती. सहाच्या सहा कागद.

आता कागद दिल्याच्या यादीवर तिची सही हवी होती. तिने अंगठा पुढे केला. “शाई द्या.”

आम्हाला वर्गात शिकवलं होतं: अंगठा देणारा माणूस उद्या म्हणू शकतो, मला काही वाचून दाखवलं नाही. ताई खाली बघत होती.

“मावशीले वाचता येते,” मी म्हणाले. “पेपरातलं भविष्य त्या रोज वाचतात. बिनचष्म्याचं. मी पाह्यलं.”

ओट्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

“अवो माय,” सासू म्हणाली, “हे तर बोलते!”

“घ्या मावशी, पेन घ्या,” पोलीसबाई म्हणाल्या.

“आधी यादी वाचा,” मी म्हणाले. “मोठ्यानं.”

याची काही गरज नव्हती, ते मला माहीत होतं. तिने वाचली. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, डी.एड.च्या दोन. शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला. एकाही शब्दाला ती अडखळली नाही. बाहेरच्या बायका आता हसत नव्हत्या. मला दया आली नाही, आणि ती यावी म्हणून मी प्रयत्नही केला नाही. तिने सही केली. वळणदार अक्षर होतं.

जूनमध्ये ताई शाळेत रुजू झाली. पावसाळा संपता संपता माझं प्रमाणपत्र आलं. मूळ प्रत मी माझ्याजवळ ठेवली. एक झेरॉक्स काढली आणि पोचपावती लावून पोस्टाने खामगावला, त्या घरी, तिच्या नावाने पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती.

आठ दिवसांनी पोचपावती परत आली. तिच्यावर तीच वळणदार सही आहे.