बालहक्कांवर माझा पहिला नंबर

बालहक्कांवरच्या निबंधस्पर्धेत वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिला आलो.

स्पर्धा खरं तर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी होती. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात ती भरवायची कल्पनाही माझीच! मुलांनी आपले हक्क समजून घ्यावेत, त्यावर स्वतः लिहावं, तेही मराठीत, असं मी घरोघरी फोन करून सांगितलं. आमची नववीतली ईशा तेवढी तयार नव्हती. तीन दिवस जेवताना तिला व्याख्यान दिलं. (वरण थंड झालं तरी थांबलो नाही.) शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, लिहिते. पण मतलब, माझं मीच लिहिणार."

मी म्हटलं, तेच तर हवंय!

लिहिलेली पानं माझ्याकडे देऊन ती क्लासला गेली. म्हटलं, नुसतं शुद्धलेखन बघू. बँकेच्या बदलीने साताऱ्याहून इथे येऊन चार वर्षं झाली, पोरीचं मराठी निम्मं हिंदीत गेलेलं. एक शब्द बदलला. त्याच्या शेजारचा बिचारा दिसायला लागला, म्हणून तोही बदलला. मग वाक्यं बदलली, मग मुद्दे. तासाभरात तिचं नाव सोडून सगळं माझं झालं होतं. टाइप करून मी ते परीक्षक कुलकर्णीकाकूंना पाठवूनही दिलं.

जयपूरच्याच झालाना भागातल्या एका सभागृहात निकाल लागला. पहिली ईशा! नियमाप्रमाणे (नियमही माझाच) विजेत्याने निबंध वाचून दाखवायचा होता. "बालकांच्या सर्वांगीण विकासार्थ…" असं दोन ओळी वाचून ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"हे मी नाही लिहिलं," ती माइकवर म्हणाली. "माझं तोंडी सांगू?"

काकूंनी मान हलवली.

"माझे बाबा खूप चांगले आहेत. ते मला सगळं विचारतात. उत्तर पण तेच देतात."

सगळे हसले. त्यात हिचा, म्हणजे ईशाच्या आईचा, आवाज सर्वांत मोठा होता.

"जयपूरला यायचं ठरलं तेव्हा मला कुणी नाही विचारलं. विचारलं असतं तर मी हो बोलली असती. पण विचारायला हवं होतं ना?"

आता कुणी हसलं नाही. मला फार वाईट वाटलं. सातारा सोडताना मी तिला तिचं सामान भरायला एक खोकं दिलं होतं, आणि त्यात काय भरायचं हेही मीच ठरवलं होतं.

लेखक वयात बसत नाही म्हणून काकूंनी निबंध बाद केला. टाळ्या मात्र ईशाला मिळाल्या, आणि मीही अगदी मनापासून वाजवल्या.

गाडीत मी म्हटलं, "चुकलं माझं, बाळा. अजून काय काय विचारायचं राहिलंय माझं?"

ती बोलायला लागली. घरापर्यंत बोलली, जिन्यात बोलली, जेवताना बोलली, दुसऱ्या दिवशी पोहे खातानाही बोलली. मोठ्यांना मध्ये एखादं वाक्य बोलायचा हक्क असतो का, हे मला तिला विचारायचं आहे; अजून माझी पाळी आलेली नाही.