तेलाचा ब्रेक, हवेचा ब्रेक आणि दोन भाऊ

वऱ्हाडात मला मोटारींचा जाणकार म्हणून बोलावणं आलं. पुण्यात हा मान कुणी दिला नव्हता, त्यामुळे मी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत ताबडतोब बसलो. माझी बहीण सिंधू परतवाड्याला दिलेली. दुसरं महायुद्ध संपून लष्कराच्या लॉऱ्या विक्रीला निघाल्या होत्या, आणि संत्री बाजारात न्यायला तिच्या सासरच्या दोन भावांनी दोन लॉऱ्या पसंत केल्या होत्या. घ्यायची एकच होती, म्हणून दोन्ही पारखायला आणल्या होत्या.

अकोल्याला मेव्हणे शामराव त्यांची लॉरी घेऊनच आले. हिचा ब्रेक तेलाचा. पाय दाबला की नळीतलं तेल थेट चाकापर्यंत जोर पोचवतं, इंजिन चालू असो वा बंद. वाटेत म्हशी आडव्या आल्या, तेव्हा लॉरी जागच्या जागी थांबली आणि माझी टोपी पुढे गेली. अमरावतीला पाहतो तो तेल कमी झालेलं.

"तेल भरा," मी म्हणालो.

"आत्ता भरतो. घरचं हाय," शामराव म्हणाले. मी कौतुकानं मान हलवली.

परतवाड्याला सिंधूनं गोळ्यांची कढी वाढली आणि हळूच म्हणाली, "दादा, कोणतीबी लॉरी निवड, पण वाटणी होऊ देऊ नको. दोघं महिनाभर बोलून नाही राहिले. मले या घराचे दोन तुकडे पाहवणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिचे भासरे (मोठे दीर) बापूराव मला त्यांच्या लॉरीतून चिखलदऱ्याच्या घाटात घेऊन गेले. हिचा ब्रेक हवेचा. इंजिन हवा भरतं, टाकीत ती साठते, आणि पायाच्या हलक्या दाबानं भरली लॉरी थांबते. जरा गळती असली तरी इंजिन भर घालतं. बापूरावांना एवढंच पटलं होतं की हवेला पैसा पडत नाही. चढ संपल्यावर त्यांनी नारळ फोडला, आम्ही रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) खाल्ले आणि उतरायला लागलो. लागलो म्हणजे काय, बापूरावांनी इंजिनच बंद केलं.

"अहो, हे काय?"

"उतारावर पेट्रोल काहून जाळाचं? रेशनचं हाय ते."

प्रत्येक वळणावर फुस्स आवाज होई आणि हवेचा काटा खाली येई. नवी हवा कुठून येणार! मी ओरडलो, "इंजिन चालू करा!" ते म्हणाले, "गप ऱ्हा ना पाव्हणे, वळण हाय." पुढच्या वळणाला ब्रेकमध्ये काहीच जोर उरला नाही. बापूरावांनी लॉरी डोंगराच्या अंगाला घातली आणि ती मातीच्या दरडीत नाक खुपसून थांबली. आम्ही दोघंही जिवंत होतो. मला रडू आलं आणि त्यांना संताप.

आठवड्यानं मी निघायच्या सकाळी शामरावांची लॉरी अंगणातून हलेना. त्यांनी घरच्या घाण्याचं जवसाचं तेल ओतलं होतं. आतलं रबर फुगून चाकं जाम झाली होती. "या ब्रेकला दुसरं तेल लागतं," मी सांगितलं.

"मंग तवाच सांगाचं ना! भर म्हणाले, मी भरलं."

"माह्याबी कानाशी ओरडले," बापूराव ओट्यावरून म्हणाले. "त्याच्यानंच चुकलो."

"पाव्हण्यानंच केलं ना भाऊ सारं?"

"नाही तं काय! ये, बस इथं."

शामराव त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांनी मिळून माझ्या पुस्तकी ज्ञानाची, पुण्याची आणि दोन्ही लॉऱ्यांची सालटी काढली, आणि यंदा संत्री बैलगाड्यांनी न्यायची ठरवली. मग एकाच पंगतीला बसून जेवले.

अमरावतीच्या स्टेशनवर सिंधू हसत होती आणि डोळे पुसत होती. "दादा, तुझं नाव खराब झालं रे."

"होऊ दे," मी म्हणालो.

तेल बरं की हवा, असं मला अजूनही कुणी विचारतं. नीट वापरलं तर दोन्ही बरी, असं मी सांगतो. वाटणी कशी टळते ते मात्र कुणी विचारत नाही. मला विचाराल तर त्यासाठी घरात चार दिवस एक मूर्ख पाहुणा आणून ठेवावा, आणि तो घरच्या सुनेचा सख्खा भाऊ असेल तर उत्तमच.