खतिजाचाचीचा गुलाबफळांचा चहा

समजा, तुमच्यापुढं सुपात मूठभर गुलाबफळं आहेत. फूल गळून गेल्यावर देठाशी धरतात ती, लहान बोराएवढी, लाल, टणक. एकेक फळ विळीवर मधोमध चिरा. आत बिया असतील आणि बियांभोवती बारीक लव. ती चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढा. बोटांना लागली तर खाज सुटते, घशात गेली तर खोकून बेजार व्हाल. म्हणून चहा शेवटी दुहेरी फडक्यातून गाळायचा. हे चुलीपुढं बसून बारा वर्षं करा. मग खतिजाचाची तुम्हाला थोडी कळेल.

चाची पन्हाळ्याला राहायची. तिचा नवरा करीमचाचा एका बंगल्याचा माळी, आणि माझे वडील आकाराम त्याच बंगल्याचे राखणदार. दोन्ही घरांचं अंगण एकच. मालकांनी हौसेनं आणलेलं एक गुलाबाचं कलम एका उन्हाळ्यात मेलं, पण ज्या जंगली खुंटावर ते बांधलं होतं, तो खुंट फुटला. पाच पाकळ्यांची साधी फुलं यायला लागली. असला खुंट उपटून टाकायचा असतो. चाचानं उपटला आणि आपल्या खोलीमागं लावला.

चाचीचा भाऊ बादशहा लष्करात ड्रायव्हर होता. काश्मिरात लोक अशी फळं वाळवून उकळून पितात, सर्दीला आणि सांध्यांना बरं वाटतं, असं त्यानं सुट्टीवर आल्यावर सांगितलं. चाचाचे गुडघे तेव्हा नुकतेच धरायला लागले होते.

चाचीला एकच हवं होतं. चाचाला नमाजात खाली वाकून कपाळ जमिनीला टेकवता यावं. गुडघे आखडले की तो खाटेवर बसून नमाज पढायचा आणि त्या दिवशी कुणाशी धड बोलायचा नाही.

१९७८ साली मी कोल्हापुरात औषधशास्त्राची पदविका करत होतो. खोली राजारामपुरीत. क जीवनसत्त्व ओळखायचा प्रयोग नुकताच शिकवला होता. एक निळं रसायन थेंब थेंब टाकायचं. जीवनसत्त्व असेल तोवर निळा रंग उडत जातो. दसऱ्याला घरी गेलो, तेव्हा चाचीचा तासभर उकळलेला चहा बाटलीत भरून घेतला आणि थोडी फळंही. प्रयोगशाळेत चाचीच्या चहात तिसऱ्याच थेंबाला निळा रंग टिकला. मग फळं ठेचून त्यांवर गरम पाणी ओतलं आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. त्यात एकवीस थेंब गेले!

पुढच्याच रविवारी एसटीनं पन्हाळा गाठला आणि निळ्या थेंबांचा हिशेब चाचीला सांगितला.

"चाची, उकळून उकळून तुमी सगळं घालवताय. फळं ठेचा, गरम पाणी वता, झाकण ठेवा. दहा मिनटं. बास."

"आन् मी बारा वर्सं चुलीम्होरं डोळं फोडून घेतलं व्हय रं?"

चाचा खाटेवरनं म्हणाला, "पोरगं शिकलंय बघ. तू निस्ती लाकडं जाळलीस."

"तुमी गप बसा. लाकडं फोडताना कधी दिसला न्हाईसा."

पण तिनं माझं ऐकलं. चाचाला नेहमीची सर्दी झाली नाही. हिरड्यांतून रक्त यायचं, तेही थांबलं. मी ते वहीत लिहून ठेवलं. गुडघ्यांचं मी विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर चाचा खाटेवर बसून नमाज पढत होता. पंधरा दिवस असंच चाललं होतं.

चाची हळूच म्हणाली, "बंडू, तुझा च्या चवीला झ्याक हाय. पर ह्यांचं गुडघं लाकूड झाल्यात."

"थंडी पडलीया, चाची. थंडीनं आखडत्यात."

"आसंल की. पर बकरी इदंला धा दिस हाईत. माझा बी उकळून बघू."

शेवटी सकाळी माझा चहा आणि संध्याकाळी तिचा, असं ठरलं. दवाखान्याच्या गोळ्या बंद करू नका, असं मी बजावलं. "त्या चालूच हाईत की," ती म्हणाली.

ईदच्या सकाळी चाचा सुट्टीवर आलेल्या बादशहाच्या खांद्याला धरून नमाजाला गेला. चाची दारात उभी राहिली. ते परतताना दिसले, तेव्हा मी चाचाच्या पायांकडं बघत होतो. चाल तशीच होती, लंगडत. चाची त्याच्या कपाळाकडं बघत होती. तिथं लाल मातीचा रुपयाएवढा डाग होता.

"चटई आखूड पडली," बादशहा म्हणाला.

पुसायला म्हणून चाचीनं पदर उचलला आणि तसाच खाली सोडला.

"काय बघतीस?" चाचा म्हणाला. "भूक लागलीया."

संध्याकाळी ती फडक्यातून चहा गाळत होती. मी शेजारी बसलो होतो.

"बंडू, उकळल्यावर ह्यात काय उरत न्हाय म्हणालास."

"माझ्या निळ्या रंगाला एकच गोष्ट वळखता येती, चाची. ती उरत न्हाय. बाकी काय आसंल, ते त्याला कळत न्हाय. थंडी कमी झाली आसंल, गोळ्यांचा गुण आसंल..."

तिनं फडकं पिळलं. त्यातला लालसर चोथा चुलीच्या उजेडात धरला.

"मग बाकीचं दावणारा दुसरा रंग न्हाय व्हय रं तुमच्या कॉलेजात?"