उमरीकर मॅडमचा बिस्किटांचा डबा

उमरीकर मॅडमच्या तासाला हात वर करून काही उपयोग नसे. टेबलावर उस्मानिया बिस्किटांचा रिकामा डबा आणि त्यात आमच्या हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या. ज्याची निघेल त्याने उत्तर द्यायचं. "हात वर करणाऱ्यांनाच विचारलं तर सगळा वर्ग हुशार वाटतो मां," त्या म्हणायच्या. "मला वर्ग बघायचाय. हात नक्को."

हैदराबादेतलं काचीगुड्याचं संध्याकाळचं कॉलेज, विषय संख्याशास्त्र. मी छत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, आबिड्सच्या एका कचेरीत टायपिस्ट. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, कचेरीत कॉम्प्युटर आले होते आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, पदवी असेल तीच त्यावर बसेल, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं. बी.कॉम.चे इतर पेपर सुटले होते. संख्याशास्त्रात मात्र मी दोनदा आपटले होते. आता शेवटची संधी. स्वतःला फार हुशार समजत असे, हीच खरी अडचण.

मॅडम आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहत. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत. त्यांच्या तोंडी दखनी "नक्को" आणि "कैकू" अस्सल मराठीच वाटत.

त्या वर्षी प्रात्यक्षिक होतं: आपल्या गल्लीतली काही घरं नमुन्याला निवडायची आणि एक प्रश्न विचारायचा. माझा प्रश्न, "कपडे धुण्याचं मशीन घ्याल का?" दारोदार कोण हिंडणार? संक्रांतीचं हळदीकुंकू होतंच. तीस बायका आयत्या घरात! अत्तर लावता लावता एकेकीला विचारलं. पहिलीच बँक मॅनेजरची बायको. ती मोठ्याने म्हणाली, "घेणार म्हणजे काय, ठरलंच आहे आमचं!" मग पुढची कशाला मागे राहते? तीसच्या तीस जणी हो! आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सुबक कोष्टक काढून वही दिली आणि शाबासकीसाठी उभी राहिले.

मॅडमनी वही वाचली. चष्मा काढला.

"वाण काय लुटलंस गं?"

"साबणदाण्या, मॅडम."

"अच्छा. मला नाही मिळाली."

मॅडमचे यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, एवढं ज्ञान मला होतं. त्यात काही चुकतंय, अशी शंकासुद्धा आली नव्हती.

"रडू नक्को, रागावले नाही मी," त्या म्हणाल्या. "तू गल्ली मोजली नाहीस, हळदीकुंकू मोजलंस. कोणाचं दार राहिलं, ते आधी बघायचं." आणि डबाच माझ्या हातात दिला. "आठ दिवस आहेत. लाग कामाला."

गल्लीतल्या सगळ्या दारांच्या चिठ्ठ्या केल्या, डोळे मिटून दहा काढल्या आणि कधी न चढलेल्या पायऱ्या चढले. शिवणकाम करणाऱ्या रझिया आपा खो खो हसल्या, "मशीन? पहले नल में पानी तो आने देओ बाजी!" एका तेलुगू आजींनी उत्तराआधी आवकाय लोणचं नि भात खायला घातला. दहांपैकी दोघींनीच हो म्हटलं.

वही देताना मी ओशाळून म्हणाले, "मॅडम, तुमची चिठ्ठी घातली होती हो, पण निघालीच नाही. परत काढू?"

मॅडम अशा खुलल्या, जणू निघालीच! "हौली कुठली, वेडी! परत कैकू? डब्यात होते ना मी? बस. निघणं कोणाच्या हातात नसतं. डब्यात असणं, तेवढंच मागायचं."

मी पास झाले, कॉम्प्युटरवर बसले. पुढच्या संक्रांतीला मात्र चिठ्ठ्या काढल्या नाहीत. गल्लीतलं प्रत्येक दार वाजवलं, पहिलं मॅडमचं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी मॅडमच्या कपाळाला कुंकू लावलं. वाण निरखून त्या म्हणाल्या, "परत साबणदाणीच? मग दोन दे. मागची राहिलीय."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अशा बाईच्या विषयात मी दोनदा नापास झाले, याचासुद्धा मला अभिमान आहे. डबा त्यांनी परत मागितला नाही. नात म्हणते, "आजी, फेक ना ते गंजकं!" फेकते बाई, संक्रांत होऊ दे. दरवर्षी बोलावण्याची यादी झाली की तो पुढ्यात घेते आणि यादी वरून खालपर्यंत बघते, कोणाचं दार राहिलं.