वेफर्सच्या वेबसाइटवर नानांचा बॅनर

मंडळी, आज डोकंच फिरलं.

रावेरच्या एका भाऊंना केळी वेफर्स विकायला मी वेबसाइट करून दिली होती. उघडताच वेफर्सचा फोटो, भाव आणि ‘ऑर्डर करा’चं बटण.

आज बघतो तर वेफर्स गायब! वर हात जोडलेले भाऊंचे नाना, खाली काका, मेहुणे, सगळे गॉगल लावून. चौकातला वाढदिवसाचा बॅनरच जसाच्या तसा डकवलेला. बटणावर मेहुण्यांचं पोट.

“भाऊ, हे काय?” मी त्यांना गाठून विचारलं.

“नाना रुसले असते ना!”

तेवढ्यात धुळ्याच्या दुकानदाराचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला.

“वेबसाइट पाहिली. नानांना वाढदिवसाच्या शुभेच्छा! तुमच्या ओळखीत कोणी वेफर्सवाला आहे का?”

भाऊंनी छाती फुगवली. “बघा, धुळ्यापर्यंत नाव झालं नानांचं!”

अशांना गिऱ्हाईक हवंय की हार घालायला गर्दी, तुम्हीच सांगा.