गिरजामामीची मरळ

कोंडूमामा माझ्या आईचे गावभाऊ. सख्खे नव्हेत, पण शिव्या देण्याचा हक्क सख्ख्याहून जास्त. धसईच्या अलीकडे त्यांची भातशेती आणि शेतामागे बंधारा. शेत पोटासाठी, बंधारा जिवासाठी, अशी त्यांची सरळ वाटणी. गळाची वेळूची काठी घेऊन एकदा काठावर बसले, की देव भेटायला आला तरी म्हणतील, "जरा थांब, सावली नको पाडू."

माझं मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. सुट्टीला जीपमध्ये स्वतःला कोंबून मी बंधारा गाठतो. माझी काठी घडीची, चाकाची, ऑनलाइन मागवलेली. "काठी हाय का अँटेना?" हे मामांचं स्वागत ठरलेलं. मी मासा धरतो, फोटो काढतो आणि पाण्यात सोडतो. इथून आमचं भांडण सुरू होतं.

"खायचा नाय तर धरतोस कशाला? जेवायला बोलवून ताटावरनं उठवतोस. आधी तोंड फोडायचं, नि वर दया!"

"तुमी तर जीवच घेता मामा."

"घेतो. आन् काटासुद्धा चघळून खातो. त्याची मस्करी नाय करत."

हा माणूस इतका हेकट, की गळाला लागलेलं बोटाएवढं पोरही त्यानं कधी परत टाकलं नाही. मला राग यायचा. पण त्यांच्या ओटीवर मामीच्या हातचं कालवण ओरपताना माझी तत्त्वं कुठे जायची कोण जाणे.

यंदा गणपती गेले आणि गिरजामामी तापानं पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली. डॉक्टर म्हणाले, आता औषधानं भागणार नाही, पोटात काही जाऊ दे. मामी ताट बघायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. मनगटं काटकुळी झाली. मामांनी आयुष्यात चूल पेटवली नव्हती. ते पेज करायला लागले, आणि ती करपलेली पेज स्वतःच गिळायला लागले.

मग एका सकाळी ती आपणहून बोलली, "मरळीचा रस्सा असता तर दोन घास गेले असते."

आमच्याकडे आजारातून उठलेल्याला मरळच देतात. मामांचा लगेच फोन. "दुकान बंद कर, ये." कारण विचारायची सोय नव्हती.

मी पोचलो तर हे आधीच गवतात बसलेले. गळाला बेडूक. मी माझ्या दोऱ्याचा गुंता सोडवत होतो, तेवढ्यात पाणी फाटकन उसळलं आणि मामांची काठी वाकली. हातभर मरळ, काळी, जाडजूड, चिखलात आपटत होती. मी आनंदानं ओरडलो. मामा मात्र हसले नाहीत.

"टाकल्या टाकल्या कशी आली ही?" ते म्हणाले. "जगदीश, पाण्यात बघ रे. लाल काय दिसतंय?"

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की हा वाघ मांजर होतो. मी बघितलं. पाण्यावर बारीक लाल पिल्लांचा घोळका होता, रश्श्यावर तरी यावी तसा. आता तो विस्कटून सैरावैरा झाला होता.

मरळ आपली पिल्लं राखते. जवळ काही आलं की ती भुकेनं नाही, रागानं तुटून पडते. म्हणून पिल्लांवरची मरळ धरायची नाही, हा मामांच्या आळीचा जुना नेम. हेकट माणसानंही तो पाळलेला. डोळ्यांनी दगा दिला म्हणून आज मोडला.

खोटं बोलावं असं फार वाटलं. घरातली ती मनगटं आठवत होती.

"हायत," मी म्हणालो.

मामा मरळीकडे बघत राहिले. एकदा त्यांनी घराकडे मान वळवली. मग खाली बघत, पहिल्यांदाच आवाज उतरवून म्हणाले, "तू कसं सोडतोस रे? मला येत नाय."

मी सांगितलं, हात आधी ओले करा. चिमट्यानं मी गळ काढला. मामांनी मरळ पाण्यात दोन्ही हातांनी अलगद धरून ठेवली, तिनं शेपूट मारेपर्यंत. ती निसटली. पण मामा उठेनात. पिल्लं परत एका जागी गोळा झाली आणि खालून काळी पाठ फिरली, असं मी सांगितलं तेव्हाच ते हलले.

घरी येऊन ते मामीला म्हणाले, "आज नाय लागली गो."

मामीनं त्यांचा हात ओढून नाकाशी नेला. "हाताला मरळीचा वास हाय. मरळ कुठं हाय?"

मामा पुटपुटले, "लेकुरवाळी होती. मला दिसली नाय गो पिल्लं."

मामी खुदकन हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आन् त्या बिचाऱ्या पोराला जन्मभर शिव्या घातल्यास! ऊठ, सुकट भाज. नको, तू करपवशील. मला धर, मी येते चुलीजवळ."

मामांनी तिला कोपराला धरून नेलं. सुकट परतली, लसणाचा वास घरभर झाला. तांदळाची अर्धी भाकरी मामीनं खाल्ली. मामांनी आपल्यातली अर्धी हळूच तिच्या ताटात सरकवली. तिनं ती परत केली नाही.