मोहाखाली झाडलेली जमीन

धामणगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे आठच वाजले होते, पण फलाट तापायला लागला होता. पुण्याहून निघताना सुनेने विचारलं होतं, "बाबा, मार्चअखेरीला विदर्भात कोण जातं?" मी म्हणालो, जुन्या मित्रांना भेटायला जातोय. तिथे माझा कुणी मित्र नाही. एका लेखात मी काही माणसांना मित्र म्हणून मिरवलं होतं, त्यांच्यापैकी एकाचा फोन आला होता.

माझी पुस्तकं वाचणाऱ्यांना तो लेख आठवत असेल. बत्तीस वर्षांपूर्वी राळेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) मी तीन दिवस राहिलो होतो. त्या सुमारास एका गुरूंकडून मौनध्यान शिकलो होतो आणि ते रानात करून पाहायची हौस होती. पोडाजवळ ओढ्याकाठी मोहाची सात झाडं होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या झाडाखाली मी तीन पहाटे डोळे मिटून बसलो. परत येऊन लिहिलं, की त्या झाडांखालची जमीन देवघरासारखी झाडलेली असते. कोलाम त्या फुलांना हात लावत नाहीत, नुसती पडू देतात. आणि तीन दिवसांत तिथे एकही माणूस फिरकला नाही, इतका त्यांना शांततेचा मान आहे. मन निवळलं की निसर्ग आपणहून बोलू लागतो, असा त्या लेखाचा शेवट होता. माझ्या एकूण लिखाणात लोकांना तेच सर्वांत जास्त आवडलं.

जमीन का झाडलेली असते ते मला दोन वर्षांनी कळलं. एका वनरक्षकाने सहज सांगितलं. मोह फुलण्याआधी खालचा पालापाचोळा झाडून जाळतात, म्हणजे पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवर दिसतात आणि वेचता येतात. एकेका घराचं एकेक झाड ठरलेलं असतं. ती फुलं वाळवून पावसाळ्यापर्यंत खातात, उरलेली विकतात. तेव्हा पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. मी त्यात दोन ठिकाणची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि हे तसंच राहू दिलं.

फोन मारोती टेकामचा होता. तो पोडाच्या वनहक्क समितीचा सचिव. पोडाजवळ शहरातल्या काही लोकांनी शेत घेऊन ध्यानकेंद्र काढलं आहे आणि लगतच्या सरकारी पडीत जमिनीवरच्या सात मोहांना तारेचं कुंपण घातलं आहे, झाडांचं रक्षण म्हणून. पोडाने त्या झाडांवर हक्काचा दावा केला. केंद्राने हरकत घेतली, की इथले लोक ही फुलं कधी वेचतच नव्हते. पुरावा म्हणून माझा लेख जोडला.

"तुमचाच कागद आमच्या आडवा आला जी," मारोती म्हणाला. "गुरुवारी राळेगावले सुनावणी हाय. येता काय?"

धामणगावहून एसटीने यवतमाळला आलो. स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात). दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुमच्यासाठी तर कमीच टाकली होती." पुढे राळेगावची बस मिळाली. शेतं रिकामी होती, बांधांवर उपटलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडांचे) ढीग रचलेले. साग उघडे पडले होते आणि मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. हे वाक्य मी बसमध्येच मनात तयार केलं, आणि ते सुचताच स्वतःचा राग आला. कंडक्टरच्या शेजारी एक बाई माहेरच्या भांडणाची हकीकत सांगत होती, ती मी एवढा वेळ ऐकलीच नव्हती.

राळेगावहून ऑटो केला. पोडाचं नाव सांगूनही ऑटोवाल्याने मला केंद्राच्या फाटकाशी नेऊन सोडलं. "ध्यानवाले ना जी तुमी? पुन्या-मुंबईचे समदे इथंच उतरते." तो वळून निघूनही गेला.

फाटकाच्या आत भिंतीवर माझा उतारा काचेच्या चौकटीत लावला होता, खाली माझं नाव. व्यवस्थापक तिशीतला, अतिशय नम्र. नाव कळताच तो वाकून पाया पडला.

"काका, तुमच्यामुळे आम्ही इथे आहोत. पहिल्या सत्रात आम्ही तुमचाच लेख वाचतो."

मी कुंपणाबद्दल विचारलं.

"गुरं येतात, माणसं येतात," तो म्हणाला. "पहाटे साधकांना फुलं पडताना ऐकायची असतात. कुणी टोपल्या घेऊन फिरायला लागलं की ते वातावरणच जातं. तुम्ही लिहिलंयच ना."

"आणि पडलेली फुलं?"

"मातीची मातीला परत."

त्याने गवती चहा दिला. तो मनापासून बोलत होता, यातच माझी अडचण होती. त्याला ढोंगी म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने तेच पाहिलं होतं जे मी त्याला पाहायला शिकवलं होतं. मी चहा संपवला आणि पोडाची वाट विचारली. त्याने वाट दाखवली, वर पाण्याची बाटलीही दिली.

मारोती अर्ध्या वाटेवर भेटला. चाळिशीचा, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "तिकडेच उतरवलं ना तुमाले? माह्यं चुकलं, फाट्यावर यायले पायजे होतं." माझी पिशवी त्याने घेतली. मी पोडावर राहिलो तेव्हा तो दहा वर्षांचा होता. "तुमी डोये मिटून बसले का आमी दुरून पाहो. बुढी मारे आमाले, आवाज करू नका म्हने."

बुढी म्हणजे त्याची आई, सोमीबाई. सत्तरीच्या पुढची, कपाळावर गोंदण. ती अंगणात चवाळ्यावर (जुन्या पोत्यावर) बसून तुरीची डाळ निवडत होती. मला पाहून उठली नाही. "आले का," एवढंच म्हणाली. त्यांच्या अंगणात मोहफुलांचं वाळवण नव्हतं. शेजारच्या दोन अंगणांत थोडं थोडं होतं, ते दूरच्या रानातून आणलेलं. जेवायला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी होती. सोमीबाईने मागच्या साली विकत घेतलेल्या मोहाची मूठभर उकडलेली फुलं ताटाच्या कडेला वाढली. चव गोड, मागाहून जराशी उग्र. त्या लेखात मी या फुलांच्या गंधावर दीड पान लिहिलं होतं. चव मला आता पहिल्यांदा कळत होती.

पहाटे उठून मी कुंपणापर्यंत गेलो. आत पंधरा-वीस माणसं पांढऱ्या कपड्यांत डोळे मिटून बसली होती. झाडांना पान नव्हतं. फुलं पडत होती. टप्, मग थोडं थांबून टप्, मग दोन एकदम. आज खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो: ते ऐकून माझं मन निवळलं. तारेला हात धरून उभा होतो, सगळं ठाऊक होतं, तरी निवळलं. पोडाच्या बाजूने ऐकलं असतं तर प्रत्येक आवाज हातातून निसटलेल्या घासाचा होता. कान माझेच होते, पण त्यांना काय ऐकायचं ते मनाने आधीच सांगून ठेवलेलं होतं. ध्यानाने मन कोरं होतं असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. माझं कधीही कोरं झालं नाही. त्याने फक्त नको ते बाजूला सारायची सवय लावून घेतली.

आत सर्वांत मोठ्या झाडाखाली पालापाचोळा साचला होता. आता तिथे कुणी झाडत नव्हतं.

परत आलो तेव्हा सोमीबाई चुलीपाशी होती. मी तिच्यासमोर बसलो. जे सांगायला आलो होतो ते फोनवर मारोतीलाही सांगितलं नव्हतं.

"सोमीबाई, तिसऱ्या दिवशी पहाटे मी झाडाखाली बसलो होतो. तुम्ही टोपली घेऊन आलात..."

"हाव."

"माझे डोळे उघडे होते."

"उघडे होते ना. म्या पायलं." तिने लाकूड आत सारलं. "तुमी माह्याकडं पायलं, टोपलीकडं पायलं, अन् पुन्ना मिटले."

बत्तीस वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मलाच ठाऊक आहे.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पावना बसला होता. दोन दिस दुरूनच वापस गेली, तिसऱ्या दिशी जवळ आली. उठीन म्हटलं आता, उठीन मंग. ऊन चढलं. मंग बकऱ्यांनं खाल्लं समदं." ती सहज सांगत होती. "तीन दिस मोह असा पडे का नुसता सडा. चौथ्या दिवसापासून कमी झाला. आमाले तेच झाड होतं."

"त्या पावसाळ्यात..."

"त्या पावसाळ्यात पोरायले कमी पडलं," ती म्हणाली. मारोती दारात उभा होता, तो बाहेर बघत राहिला.

मी क्षमा मागितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद आनला काय?"

कागद आणला होता. चार पानं टाइप केलेली. मन दृष्टीला कसं घडवतं, शहरी माणूस निसर्गात जाऊन स्वतःलाच कसा पाहतो, माझा पश्चात्ताप, असं सगळं त्यात होतं. मारोतीने ती उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचली. तिसऱ्या पानावर सोमीबाईने त्याला थांबवलं.

"यात माही टोपली कुठं हाय?"

"येईल ना माय, चौथ्या पानावर हाय."

"मंग तेच पान द्या. बाकी कायले?"

मारोतीची काळजी वेगळी होती. "वाईट नका मानू जी. तेव्हा खोटं लिवलं असं तुमीच लिवून देता. मंग ते म्हनन ना, हा मानूस आज खरं बोलून राह्यला कशावरून? नुसतं लिवा का गैरसमज झालता."

"पण गैरसमज नव्हता," मी म्हणालो. "गैरसमज म्हटलं तर मी टोपली पाहिली हे लिहिता येणार नाही. आणि फुलं वेचायला बाई आलेली पाहिली, हाच तर तुमचा पुरावा आहे."

त्याने चारही पानं जुळवून बाजूला ठेवली. सोमीबाई म्हणाली, "पायली ते लिवा. तुमाले कसं वाटलं ते नका लिवू. त्यानं झाड भेटत नाई."

मी मारोतीचं एक पेन घेतलं आणि अकरा ओळी लिहिल्या. झाडाखालची जमीन फुलं वेचण्यासाठी झाडलेली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे सोमीबाई टेकाम टोपली घेऊन तिच्या झाडाशी आली. मी तिला पाहिलं. मी जागा सोडली नाही. लेखात कुणी आलं नाही असं मी लिहिलं, ते खोटं आहे. खाली सही केली.

गुरुवारी राळेगावच्या कचेरीत दोन तास थांबून आमचा नंबर आला. केंद्राचा व्यवस्थापकही होता. त्याने मला ओळखीचं हसून नमस्कार केला, आणि माझा कागद वाचला जाऊ लागला तसं ते हसू गेलं. अधिकाऱ्यांनी वाचून चष्मा काढला.

"काका, तुमचा छापलेला लेख खोटा आणि हा कागद खरा, असं आम्ही का मानावं?"

"तेव्हा खोटं लिहिण्यात माझा फायदा होता," मी म्हणालो. "आज नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. निकाल नंतर कळवू म्हणाले. व्यवस्थापक जिन्यात भेटला. "काका, मला तिथे खरंच शांत वाटतं हो," असं तो म्हणाला. मी मान हलवली आणि जिना उतरलो.

बाहेर कँटीनवर चहा घेताना मी मारोतीला म्हणालो, "बरं झालं, बोलून टाकलं."

"हाव," तो म्हणाला. बशीत चहा ओतून त्याने फुंकर घातली. "पन सायबाले तुमी एक चुकीचं सांगतलं जी. फायदा आजबी हाय तुमचा. तुमचं वझं उतरलं. आमचं कुंपन तिथंच हाय."

त्यात टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत आणि यवतमाळच्या बसमध्ये जागाही पकडून दिली.

पुण्याला आल्यावर प्रकाशकांना फोन करून तो लेख पुस्तकातून काढायला सांगितला. ते म्हणाले, वाचक विचारतील. म्हणून वाचकांसाठी हे लिहिलं. तुमच्यापैकी काहींनी मला पत्रं लिहिली होती, की तो लेख वाचून आम्ही तिथे जाऊन बसलो आणि फार शांत वाटलं. वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, परवाही वाटलं. ती शांतता निसर्गाने दिली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती एका बाईने दिली होती, उन्हात टोपली घेऊन उभं राहून, पाहुणा उठण्याची वाट पाहत. तिला विचारून ती कुणीही घेतली नव्हती.

काल मारोतीला फोन केला. निकाल लागलेला नाही. मोह अजून आठ-दहा दिवस पडेल, असं तो म्हणाला. सोमीबाईला फोन द्यायला सांगितलं, तर ती पहाटेच दूरच्या रानात फुलं वेचायला गेली होती. जायला दीड तास लागतो. या वयात ती चालत जाते.